गठ्ठा सोडण्यापूर्वी

इन्सुलीत जुना कागद बाहेर निघतो तो बहुधा तीन कारणांनी: जमिनीची वाटणी, देवळातला मान, नाहीतर जातीचा दाखला. चौथं कारण माझ्या पाहण्यात क्वचितच आलं. सावंतवाडीहून बांद्याकडे उतरताना घाट संपला की लागतं ते आमचं गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं तपासणी नाक्यामुळे. गोव्याची दारू पकडली की पेपरात इन्सुलीचं नाव येतं. पण गावातल्या माणसांची खरी झडती चालते ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. कोर्टाची तारीख जवळ आली की पेटी खाली येते, रुमाल सुटतो, आणि घरात जो कोणी शिकलेला असेल त्याच्या पुढ्यात कागद पडतात. मोडी असली की तोही हात वर करतो.

पुराभिलेखाच्या कामात यायचं तर सुरुवात कशी करायची, असं विचारणारी मुलं हल्ली भेटतात. कॉलेजात व्याख्यानाला गेले तर एखादी मुलगी मागे थांबून विचारतेच. तिला बहुधा अभ्यासक्रमाचं नाव हवं असतं. ते सांगायला एक मिनिट पुरतं. पुढचं सांगायला वेळ लागतो, म्हणून लिहायला घेतलं.

माझी सुरुवात मोडीपासून झाली. सावंतवाडीला पंचम खेमराज महाविद्यालयात इतिहास शिकत होते, आणि बांद्याला एक निवृत्त कारकून होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांनी मला आधी मुळाक्षरांचा तक्ता दिलाच नाही. एक लिहिलेलं पान पुढे ठेवलं आणि म्हणाले, "वाचू नको. उतरून काढ. हात चालाक लागलो काय डोळे आपोआप वाचतत." त्यांचं खरं होतं. मोडीत आधी सगळी ओळ आखायची आणि मग तिला लटकत, बोरू शक्य तितका न उचलता, अक्षरं काढत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणाऱ्याला घाई. हाताला तो वेग कळल्याशिवाय कुठे शब्द तुटतो ते उमगत नाही. अक्षरांनंतर संक्षेप, संक्षेपांनंतर आकडे: रुपये-आणे-पै, खंडी-कुडव-पायली. मग तारखा. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतं, शकात ७८. 'छ'पुढचा आकडा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याचा. ज्यांना फक्त अक्षरं येतात आणि हे येत नाही, त्यांना मोडी वाचता येतं असं मी म्हणत नाही.

मोडी आली आणि लोक येऊ लागले. "बाय, ह्यां वाचून सांग बघूया. आमचां नाव खंय आसा?" एवढाच प्रश्न. नाव सापडलं की चेहरा उजळतो, कागदाचा फोटो मोबाइलमध्ये जातो, बाकीचा गठ्ठा तिथेच पडून राहतो. बरेच दिवस मलाही वाटायचं की आपलं काम हेच. नाव शोधून देणं हे पुण्याचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण तो वाचकाचा धंदा झाला. अभिलेखपालाचा धंदा वेगळा, आणि तो मला शेजारच्या वाडीतल्या एका घरात पहिल्यांदा नीट कळला.

त्या घरात लाल रुमालात बांधलेलं दफ्तर होतं. घरच्यांना त्यातली एक सनदेची नक्कल हवी होती, देवस्थानच्या जमिनीबद्दलची. तेवढी काढून ते बांद्याच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशन करून आणणार होते आणि उरलेलं पावसाच्या आधी जाळणार होते. नकलेचा वरचा कोपरा गेलेला, त्याबरोबर साल गेलेलं. वकिलाला साल हवं होतं. बाकी गठ्ठ्यात काय? दस्त भरल्याच्या पावत्या, भाताच्या उसनवारीच्या चिठ्ठ्या, दशावतारी मंडळीला दिलेल्या बिदागीचा आणि शिध्याचा हिशेब, वैद्याने लिहून दिलेलं काढ्याचं सामान. मी गठ्ठा होता त्या क्रमाने उलगडला आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने बारीक आकडा घातला. नकलेच्या वरचा आणि खालचा कागद एकाच हातचा निघाला: तेच वळण, तीच शाई, तोच कागद. दोन्हींवर शक होता. वकिलाला निदान दोन-तीन वर्षांचा पट्टा मिळाला. घरच्यांनी जाळायला काढलेल्या चिठ्ठ्यांनीच त्यांच्या मोठ्या कागदाला वय दिलं. कोणी मधल्या काळात "महत्त्वाचे" कागद वेगळे काढून ठेवले असते, तर तो पट्टा कुणालाच सांगता आला नसता.

लॅमिनेशनचं मात्र सगळ्यांना सांगत फिरावं लागतं. दुकानातलं गरम प्लास्टिक एकदा कागदावर बसलं की निघत नाही, आणि आतला ओलावा आतच राहतो. राष्ट्रीय अभिलेखागारानेसुद्धा एकेकाळी सेल्युलोज ॲसिटेट आणि ॲसिटोन वापरून हाताने लॅमिनेशन करायची पद्धत काढली होती आणि ती देशभर चालली. त्याआधी शिफॉनचं तलम कापड डकवत. आज जुने खंड उघडले की दोन्ही दिसतात. आता गव्हाच्या पिठातल्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू वापरतात, कारण ते पाण्याने पुन्हा सोडवता येतं. उद्याच्या माणसाला उलटवता येणार नाही असं कागदावर काहीही करायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

दुसरा नियम क्रमाचा. जे कागद ज्या घरातून, ज्या कचेरीतून, ज्या ओळीने आले, त्यांना तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या घराच्या कागदांत मिसळायचं नाही, आपल्या सोयीने विषयवार लावायचं नाही. हा विचार हॉलंडच्या तीन अभिलेखपालांनी १८९८ साली एका पुस्तकात नियमांसारखा मांडला आणि जगभरच्या अभिलेखागारांनी उचलला. त्याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड छापला. पुढे त्याचे बावीस खंड झाले. राजवाडे पायी फिरले, वाड्यांच्या तळघरांत आणि माळ्यांवर बसले, जे वाण्याच्या पुड्यांत जाणार होतं ते वाचवलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरी एक बोलायला हवं: आमच्याकडची परंपरा कागद वाचवून छापण्याची, गठ्ठा गठ्ठ्यासारखा ठेवून त्याची यादी करण्याची नव्हे. छापलेलं पत्र हाती येतं, पण त्याच्या शेजारी काय पडलेलं होतं ते जातं. महाराष्ट्रात इतिहास-संशोधक पुष्कळ आणि अभिलेखपाल थोडे, त्याचं एक कारण हे असावं.

पेशवे दफ्तराचंच घ्या. १८१८नंतर ते कंपनी सरकारच्या हाती गेलं. पुढे १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं. इनामं कोणाची खरी, कोणाची खोटी, एवढं ठरवण्यासाठी दफ्तर उपसलं गेलं. दफ्तराला विचारलेला प्रश्न एकच होता. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड काढले. ते अफाट काम आहे, पण तीही निवडच. पुण्यात पेशवे दफ्तराच्या इमारतीत रुमालांच्या रांगांमधून चालताना छापलेलं किती थोडं आहे ते कळतं.

आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ज्या जाणकारांकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नव्हतं त्यांना तहसीलमधून फोन येऊ लागले. अभिलेख कक्ष उघडले गेले, रजिस्टरं स्कॅन झाली. याचं मला बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. पुन्हा प्रश्न एकच. नोंद सापडलेलं पान स्कॅन झालं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं झालं का? प्रतिमेच्या फाइलला गावाचं, नमुन्याचं, सालाचं नाव दिलं का, की कॅमेऱ्याने दिलेला आकडाच राहिला? नाव न दिलेल्या हजारो प्रतिमा म्हणजे पुन्हा माळाच. फक्त त्याला वाळवी लागत नाही.

आमच्या भागात हे प्रश्न कोर्टापुरते राहत नाहीत. आंबोली, गेळे, चौकुळ इथला कबुलायतदार गावकारांच्या जमिनींचा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि त्याची मुळं सावंतवाडी संस्थानच्या काळात आहेत. संस्थान १९४८मध्ये विलीन झालं, तालुका रत्नागिरी जिल्ह्यात गेला, १९८१मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला. दर वेळी कचेऱ्या हलल्या, कपाटं हलली. म्हणून इथे काम करणाऱ्याने आधी कचेऱ्यांची वंशावळ मांडायला शिकावं: कोणतं खातं कोणत्या साली कोणाकडे गेलं. माणसांची वंशावळ नंतर.

आता गोवा. इन्सुलीच्या माणसाला मुंबईपेक्षा पणजी जवळ. बांदा, पत्रादेवी, धारगळ, म्हापसा आणि पुढे मांडवीचा पूल. पणजीतल्या गोवा पुराभिलेखाची सुरुवात १५९५ची. दियोगो दो कौतो नावाच्या इतिहासकाराला पोर्तुगीज सरकारने जुन्या गोव्यात दफ्तर लावायला नेमलं. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मी आमच्या गावाकडचं काही असेल अशी अपेक्षाही केली नव्हती. निघालं ते भलतंच. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्यांची एक स्वतंत्र मालिका आहे आणि त्यात आमचे वाडीकर भोसले 'बोंसुलो' होऊन बसलेले आहेत: तक्रारी, तह, नजराणे, पुन्हा तक्रारी. शिवाय मोडीतले मराठी कागद. डिचोली, सत्तरी आणि १७८८मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते भोसल्यांकडून, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंचा कागद एकमेकांशिवाय अर्धाच.

हे दोन्ही अर्धे एकत्र वाचणारा माणूस होता पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर (१८९४-१९६९). मूळ सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. घरची भाषा कोंकणी, लिहिण्याची मराठी, राज्यकर्त्यांची पोर्तुगीज. शिक्षकाचा पेशा करत ते अभ्यासात उतरले आणि पुढे त्याच पोर्तुगीज दफ्तराचे प्रमुख झाले. त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' आजही टेबलावर लागतं. कोणतीही पदविका नसताना त्यांना हे जमलं, असं मुलं मला ऐकवतात. जमलं खरं, पण त्यांच्यापाशी तीन भाषा होत्या आणि दफ्तरात काढलेली कित्येक वर्षं होती. पदविकेला पर्याय हवा असेल तर तो एवढा महाग आहे. सिंधुदुर्गातल्या मुलाने मोडीबरोबर पोर्तुगीज शिकावी, असं मी आग्रहाने सांगते. पणजीत शिकायची सोय आहे. दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत, आणि ज्याला दोन्ही येतात त्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

गोव्याच्या दफ्तरात शाईचा फरक डोळ्यांनी शिकता येतो. आपली मोडी काजळाच्या शाईची, डिंकात खललेली. पाणी लागलं की पसरते, पण कागदाला खात नाही. पोर्तुगीज लिहीत मायफळ आणि लोखंडाच्या क्षारांच्या शाईने. ती पाण्याला तशी दाद देत नाही, पण आम्ल असल्यामुळे अक्षराच्या रेघेवरच कागद तडकतो, काही पानांची जाळी होते. तेव्हा एकाच कपाटातल्या दोन वह्यांना दोन वेगळी पथ्यं लागतात.

तारखांचंही तसंच. पोर्तुगिजांनी ग्रेगरियन पंचांग गोव्यात १५८३पासून लावलं, इंग्रज १७५२पर्यंत जुन्याला चिकटून राहिले. वसई १७३९मध्ये पोर्तुगिजांनी सोडली ती तारीख एका पुस्तकात १२ मे, दुसऱ्यात २३ मे दिसते. दोन्ही बरोबर. नवशिक्या अशा वेळी एक तारीख खोडून दुसरी लिहायला धावतो. यादीत आधी कागदावर आहे तीच लिहायची आणि काढलेली चौकटी कंसात.

शिक्षणाचं थोडक्यात. एम.ए.नंतर दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये एक वर्षाची पदविका आहे, शिवाय दुरुस्ती, अभिलेख व्यवस्थापन अशा विषयांचे छोटे अभ्यासक्रम. पुराभिलेख संचालनालय आणि अनेक संस्था मोडीचे वर्ग घेतात. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं संचालनालयाचं दफ्तर एकदा तरी बघून यावं. सरकारी जागा मोजक्या निघतात आणि मधली वर्षं कंत्राटावर जातात, हे आधीच सांगितलेलं बरं. पण सरकार म्हणजेच सगळं नव्हे. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात १९८१पासून आहे. गोदरेजचं विक्रोळीला आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये पुण्यात सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचं जे उरलं होतं ते तिथे आणून ठेवलं. फिल्म, ध्वनिफिती, नकाशे, आता ईमेलसुद्धा. या सगळ्याला यादी करणारा माणूस लागतो.

सरकारी कचेरीतली अभिलेखांची रीतही शिकून ठेवावी: सहा गठ्ठे पद्धत, अ-ब-क-ड वर्ग. अ कायमचा, ड वर्षभराचा. सार्वजनिक अभिलेखांचा केंद्राचा कायदा १९९३चा. १८९२पूर्वीचा अभिलेख सहसा नष्ट करायचाच नाही, असं त्यात आहे, आणि बेकायदा नाश केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५चा. रद्दीवाल्याचा टेम्पो दारात उभा असताना यातली कलमं तोंडपाठ असलेली बरी.

आणि कोकणातल्या हवेचं. आषाढ-श्रावणात रुमाल सोडू नये. वाळवी, कसर, बुरशी या तिघांत बुरशीच वाईट, कारण ती दिसते तोवर उशीर झालेला असतो. वैशाखात कागदांना ऊन दाखवायची आपल्याकडे चाल आहे. ऊन नको, सावलीतला वारा द्यावा. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालणाऱ्या आज्यांना मी कधी अडवत नाही. पाला ओला नाही ना, एवढंच बघते.

सगळ्यात अवघड भाग कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसा नाही. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूची नोंद असते. जात असते, आजार असतो. कुठे बापाच्या नावाची जागा कोरी असते. जातीच्या पडताळणीला इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा. म्हणून ती पानं आज सोन्याच्या मोलाची. पण आपली नोंद शोधायला येणाऱ्यासारखाच दुसऱ्याची नोंद शोधायला येणाराही असतो. निवडणुकीच्या आधी तर हमखास. एक गृहस्थ शेजारच्या घराण्याच्या पानाचे फोटो घेऊन आले आणि "फक्त जात काय ती वाचा" म्हणाले. मी वाचलं नाही. तहसीलला रीतसर अर्ज करा, नक्कल मिळाली तर तिच्यावर जे आहे ते आहे, असं सांगितलं. ते रागावून गेले. गावात नंतर माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. कागद सगळ्यांसाठी ठेवायचा आणि तरी कधी कोणाला काय दाखवायचं ते नियमाने ठरवायचं, हे दोन्ही एकाच माणसाने करायचं असतं. ज्याला सगळ्यांशी गोड राहायचं आहे त्याने दुसरं काम बघावं.

सुरुवात कुठून करू, याला माझं उत्तर म्हणून दिल्ली नसतं. आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या वह्या, देवस्थानची जमाखर्चाची बुकं, यांतलं एक काही परवानगीने घ्या आणि यादी करा. कोणी तयार केलं, किती साल ते किती साल, किती पानं, अवस्था कशी, आधी कुठे होतं. वाचत बसू नका. वाचायचा मोह फार होतो. यादी पुरी झाल्यावर तुम्हाला कंटाळा आला नसेल, तर फॉर्म भरा.

यंदा इन्सुलीतलाच एक मुलगा सोसायटीच्या जुन्या वह्यांची अशी यादी करतो आहे. सुट्टीत गेले तेव्हा त्याने खताच्या विक्रीच्या पावत्या विल्हेवाटीकडे काढल्या होत्या. का, म्हणून विचारलं. म्हणाला, विक्रीची वही सलग आहे, पावत्यांत तेच आकडे आहेत; नमुन्याला एका वर्षाच्या ठेवल्यात. कुठलं वर्ष, तर ज्या वर्षीची वही भिजून काही पानं गेली आहेत ते. त्याला मी काही शिकवायचं उरलं नव्हतं. त्याचे वडील पडवीत बसून ऐकत होते.

"गो बाय, ह्येका पगार गावतलो मगे?"

"गावतलो काका, पण पयली चार-पाच वर्सां कंत्राटी."

"कंत्राटी तर हंय पण आसा," ते म्हणाले.

मुलाचं तिकडे लक्षच नव्हतं. पदविकेच्या अर्जाला मोडीच्या वर्गाचं प्रमाणपत्र जोडलं तर चालेल का, आणि दिल्लीत थंडीचं काय करतात, हे त्याला माझ्याकडून त्याच दिवशी हवं होतं.